‘भूत दिसलंच नाही’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाचं काय ऐकायचं?

प्रश्न: काका, आम्ही सहा जणांनी मिळून गोव्यात वाळपईजवळच्या काजूच्या डोंगरावर 14 रात्रींत 74 मिनिटांचा भयपट केला. खर्च साडेसहा लाख. चार मित्र देवराईत शिरतात, वाट चुकतात, एकेक जण नाहीसा होतो, शेवटी एकटाच डांबरी रस्त्याला लागतो, अशी गोष्ट. दोन खेळ केले. पहिला गावच्या देवळाच्या सभामंडपात, दुसरा पणजीत कॉलेजच्या मुलांसाठी एका छोट्या हॉलमध्ये. गावात 31व्या मिनिटाला घुबड ओरडलं तेव्हा लोक हसले. 52व्या मिनिटाला कड्यावर पांढरी बाई दिसते, तेव्हाही हसले. मागून कुणीतरी म्हणालं, ‘काय दिसतच नाही.’ एक आजी अर्ध्यात उठल्या आणि ‘राखणदार खंय गेलो?’ (राखणदार कुठे गेला?) असं विचारून चालत्या झाल्या. पणजीत दोन मुलींना मळमळलं, बाकीचे म्हणाले की भूतच नीट दाखवलं नाही. फक्त एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी भेटून म्हणाले की घरी जाताना मी लांबच्या रस्त्याने गेलो. आता कुणाचं खरं मानू? भूत स्पष्ट दाखवून पुन्हा संकलन करू का?

उत्तर:

तुझी फाईल मी दोनदा पाहिली. एकदा रात्री हेडफोन लावून आणि एकदा भर दुपारी, आवाज पूर्ण बंद करून. आवाज बंद केल्यावर जो भयपट नुसता अंधारात चालणाऱ्या पोरांचा व्हिडिओ उरतो, त्याचं सगळं काम आवाजावर चाललेलं असतं. तुझा तसा आहे. हे वाईट नाही, पण ते लक्षात ठेव, पुढे लागेल. बावीस वर्षं मी संकलन आणि ध्वनीचं काम करतोय, त्यातली निम्मी असल्याच साडेसहा-सात लाखांच्या सिनेमांवर गेली. कमी पैशांत भीती कशी तयार होते यापेक्षा ती प्रेक्षकापर्यंत पोचताना वाटेत कुठे सांडते, हेच मी जास्त पाहिलंय.

तू पाच-सहा तक्रारी एका दोरीत ओवल्या आहेस. त्यातल्या निदान दोन तुझ्या सिनेमाबद्दलच्या नाहीतच. त्या आधी बाजूला काढू.

‘काय दिसतच नाही’ म्हणणारा माणूस टीका करत नव्हता, तक्रार नोंदवत होता. त्याला खरंच दिसत नव्हतं! तू रंगकाम, म्हणजे चित्राचा उजेड आणि रंग जुळवण्याचं काम, लॅपटॉपवर केलंस असं लिहिलं आहेस. लॅपटॉपचा पडदा सहज 300 निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड देतो. चांगल्या सिनेमागृहाच्या पडद्यावर पांढऱ्या रंगासाठी 48 निट्सचं माप धरलेलं असतं. आणि सभामंडपात? भाड्याचा प्रोजेक्टर, पांढरी चादर, गाभाऱ्यातला नंदादीप (तो कुणी विझवणार नाही, विझवूही नये), बाहेर रस्त्याचा दिवा आणि पोरांच्या हातातले मोबाईल. अशा जागी काळा रंग काळा राहतच नाही, राखाडी होतो. तुझ्या रानातलं जे काही त्या काळ्यात आणि त्याच्या जरा वरच्या करड्यात लपलं होतं, ते सगळं त्या राखाडीत बुडालं. उघड्या मंडपातल्या खेळासाठी सावल्या बऱ्याच उचललेली वेगळी प्रत लागते. एक दिवसाचं काम आहे, पण ते लॅपटॉपवर बसून करायचं नाही. ज्या प्रोजेक्टरवर दाखवणार, तो आदल्या रात्री त्याच जागी लावून करायचं.

आवाजाचं तसंच. 38व्या मिनिटापासून तू खाली एक गुरगुरती घरघर ठेवली आहेस. हेडफोनवर ती छातीला लागते. देवळातले उभे स्पीकर भजनासाठी आणि गाऱ्हाण्यासाठी असतात, माणसाचा आवाज लांब फेकावा म्हणून. खालचा जाडा आवाज त्यांच्यातून जवळजवळ येतच नाही. म्हणजे तुझी सहा मिनिटांची भीती गावातल्या प्रेक्षकाने ऐकलीच नाही. त्याने फक्त चार पोरं मुकाट चालताना पाहिली. मीही या खड्ड्यात पडलोय. एका हॉलमध्ये माझं काम दाखवत होते, लोक जांभया देत होते आणि मी मागे उभा राहून स्वतःला शिव्या घालत होतो. मध्यंतरात पडद्यामागे जाऊन पाहिलं तर सबवूफरची, म्हणजे खालचा जाडा आवाज देणाऱ्या स्पीकरची, वायर सुटलेली. तेव्हापासून खेळाआधी पडद्यामागे जाऊन हात लावून पाहतो. तूही पाहा.

त्या दोन मुलींची मळमळही इथेच निकालात काढतो. हातातला कॅमेरा फार हलला की डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत आहोत. दोघांचं भांडण पोटात उतरतं. पडदा जितका मोठा आणि माणूस जितका पुढे बसलेला, तितकं जास्त. म्हणून फोनवर पाहणाऱ्या तुझ्या मित्रांना काही झालं नाही. पळण्याचे चार तुकडे अर्धे कर, प्रत्येक धावेनंतर एक स्थिर चित्र दे, झालं.

आता बाहेर पडताना लोक जे बोलतात त्याबद्दल. रानात घडणाऱ्या, कवडीमोलात केलेल्या भयपटाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात ऑक्टोबर 1997मध्ये आठ दिवसांत चित्रण झालं. कॅमेरे नटांच्याच हातात. दिग्दर्शक दोघे, डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ. ते लांब राहून डब्यांतून चिठ्ठ्या ठेवायचे आणि रोज खाणं कमी करत जायचे. जानेवारी 1999मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला, एका कंपनीने 11 लाख डॉलरला उचलला आणि जगभरातून सुमारे 24 कोटी 80 लाख डॉलर गोळा झाले. आता गंमत बघ. तिथे एक संस्था पहिल्या दिवशी तिकीट काढून पाहणाऱ्यांकडून दारातच श्रेणी घेते. या सिनेमाला मिळाली ‘सी प्लस’, आपल्याकडच्या भाषेत कसाबसा काठावर पास. त्यातल्या नायिकेला वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचा चेष्टेचा पुरस्कारही मिळाला. ज्या बाईचा रडका, नाकातोंडातून पाणी गळणारा चेहरा पंचवीस वर्षांनीही लोक विसरलेले नाहीत, तिला!

याचा अर्थ दारातला प्रेक्षक मूर्ख असतो असा घेऊ नकोस. त्याला दारात विचारलं जातं, ‘आवडला का?’ भीती आवडत नाही. आपण घाबरलो हे मान्य करायलाही कुणाला आवडत नाही, त्यातून सोबत मैत्रीण असेल तर मुळीच नाही. त्यामुळे दारात तुला मिळतं ते त्या माणसाने आपल्या भीतीवर टाकलेलं पांघरूण. कधी ते ‘बोअर’ असतं, कधी ‘भूत दाखवलं नाही’ असतं. लांबच्या रस्त्याने घरी गेलेल्या गृहस्थांनी पांघरूण टाकलं नाही, कारण ते तुला दुसऱ्या दिवशी, उजेडात भेटले. मला विचारशील तर त्यांच्या पायांची साक्ष कॉलेजच्या वीस तोंडांपेक्षा खरी.

म्हणून मी तोंडं ऐकतच नाही. मी खोकला ऐकतो. हॉलच्या मागच्या बाजूला एक रेकॉर्डर ठेवायचा, सिनेमा सुरू होताना एक टाळी वाजवायची म्हणजे नंतर दोन्ही आवाज जुळवता येतात. घरी येऊन ती फीत सिनेमाच्या खाली लावायची. भीतीत माणूस खोकत नाही, खुर्ची करकरत नाही, वेफर्सची पिशवी वाजत नाही. कंटाळ्यात हे सगळं होतं. तुझ्या 74 मिनिटांत कुठे कुठे हॉल दगडासारखा गप्प झाला, त्या जागांवर पेन्सिलीने रेघ मार. तोच तुझा सिनेमा. बाकीचं तू अजून केलेलं नाहीस, किंवा जास्त केलं आहेस. महोत्सवातल्या प्रेक्षकाला मात्र हे माप लावू नकोस. नोव्हेंबरात पणजीत इफ्फीला येणारे अर्धे लोक पुढच्या खेळाच्या रांगेसाठी चालू सिनेमातून उठतात. त्यांच्या उठण्याला सिनेमा जबाबदार नसतो, वेळापत्रक असतं.

हसण्याकडे वळू. तुला ते सगळ्यात जास्त लागलं आहे असं दिसतं.

हसू सगळं सारखं नसतं. घाबरल्यानंतर सुटतं ते हसू तुझी कमाई. ते मोठं असतं, एकदम येतं आणि पटकन मावळतं, पाठोपाठ ‘श्शू’ होतं. घाबरायच्या आधीचं हसू पोरांचं, एकमेकांना कोपर मारण्याचं. ते येतं म्हणजे पुढे काहीतरी आहे हे त्यांना कळलंय, तेव्हा घटना दोन सेकंद पुढे ढकल आणि त्यांना तोंडघशी पाड. तिसरं ओळखीचं हसू. गावच्या खेळात ते टळत नाही. पडद्यावर शाळेतले सर दिसले की ‘अरे हो आमचो सर मरे!’ झालंच. त्याला औषध एकच, ओळखीचा चेहरा पहिल्या दहा मिनिटांत भरपूर दाखवायचा म्हणजे हौस फिटते. दशावतारी मंडळी हेच करतात बघ. आख्यान सुरू होण्याआधी संकासूर येऊन लोकांना पोटभर हसवून जातो. नंतर राजा रडला तर कुणी हसत नाही, आणि त्या राजाचं काम करणारा सकाळी आपल्याच दुकानात बसलेला असतो हे सगळ्यांना माहीत असतं.

चौथं हसू वाईट. ते खोटेपणाचं. घुबडाला मिळालं ते हे.

तुझं घुबड मी ओळखतो. ते अमेरिकेतलं शिंगवालं घुबड आहे, ध्वनीच्या तयार साठ्यातलं, निम्म्या जगाच्या भयपटांत तेच ओरडतं. मागून 44व्या मिनिटाला जो लांडगा ऐकू येतो तोही त्याच पेटीतला. अरे, आपल्या सत्तरी तालुक्याच्या रानात कुणी लांडगा ऐकला आहे? कोल्हा ऐकला आहे. माझ्या पहिल्या कामात मीही तेच घुबड वापरलं होतं आणि डिचोलीकडच्या एका खेळात पाठीमागून ऐकलं होतं, ‘पासपोर्ट काढून आलंय वाटतं!’ शहरातल्या प्रेक्षकाला रात्रीचं रान म्हणजे एक सरसकट आवाज. तुझ्या सभामंडपातले अर्धे लोक काजूच्या मोसमात रात्री राखणीला गेलेले. पिंगळा कुठला, रातवा कुठला, उदमांजर पाचोळ्यात कसं चालतं आणि माणूस कसा चालतो, हे त्यांचे कान झोपेतही सांगतील. त्यांना खोटा आवाज ऐकवलास की त्यांना कळतं, हे आपलं रान नाही. आणि जे आपलं नाही त्याची भीती कशाला?

त्याच रानातला खरा आवाज तुझ्या पेटीपेक्षा कितीतरी भयंकर आहे, आणि फुकट आहे. भेकर रात्री एकटंच भुंकतं ते ऐकलं आहेस? कुत्र्यासारखं, पण कुत्र्याचं नाही, एकेक भुंक तोडून तोडून. काहीतरी हललं म्हणून ते भुंकतंय हे रानातल्या माणसाला ठाऊक असतं. म्हादई आणि मोलेच्या रानांत फ्रॉगमाउथ नावाचा पक्षी आहे, वाळक्या पानासारखा दिसतो, तिन्हीसांजेनंतर त्याचा आवाज कुणीतरी घशातल्या घशात हसावं तसा कर्कश येतो. हे दोन्ही नीट ध्वनिमुद्रित कर. पण माझं सगळ्यात आवडतं हत्यार वेगळं आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर रात्री उभा राहा. सगळीकडे बेडूक ओरडत असतात. कुणी चालत आलं की त्याच्या जवळचे बेडूक गप्प होतात, तो पुढे गेला की मागचे पुन्हा सुरू होतात. म्हणजे माणूस दिसत नाही, पण शांततेचा एक डाग तुझ्याकडे सरकत येताना ऐकू येतो. हिवाळ्यात रातकिडे हेच करतात. तुझी गोष्ट हिवाळ्यातली आहे. 38व्या मिनिटाची ती घरघर काढून टाक आणि तिथे डावीकडून उजवीकडे रातकिडे थांबत आण. हा आवाज देवळातल्या स्पीकरवरही नीट वाजतो, कारण तो वरच्या पट्टीतला आहे. आणि मंडपातली राखणीवाली मंडळी तुझ्या पोरांच्या आधी मान वळवतील, लिहून देतो.

पांढऱ्या बाईचं हसू थोडं वेगळं आहे, आणि त्यासाठी आजींकडे जावं लागेल.

‘राखणदार खंय गेलो?’ तुझ्या सिनेमाचं यापेक्षा चांगलं परीक्षण कुणी लिहिणार नाही. तू ते तक्रारींच्या यादीत टाकलंस याचं मला आश्चर्य वाटलं. तू स्वतः सत्तरीतला ना?

नवव्या मिनिटाला तुझी पोरं चपला घालून राईत शिरतात आणि शेकोटीसाठी फांदी तोडतात. तुला वाटलं हा नुसता वाटेतला प्रसंग आहे. मंडपातल्या प्रत्येक बाईला मात्र त्या क्षणी घंटा ऐकू आली. देवराईतली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही. बांबरच्या निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातली झाडं दलदलीतून गुडघ्यांसारखी मुळं वर काढून उभी आहेत. ती आजवर उभी आहेत, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे हात लावायला धजले नाहीत. आपल्याकडे रान मोकळं नसतं. त्याला धनी असतो. राखणदार म्हण, देवचार म्हण, तो वाट चुकलेल्याला काठी आपटत घराकडे आणतो आणि मर्यादा मोडणाऱ्याला तिथेच गोल गोल फिरवतो. आता आजींच्या जागी बस. मर्यादा मोडली, फांदी तुटली, आणि धनी आलाच नाही. त्याऐवजी 43 मिनिटांनी कड्यावर कोण उभी? पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली, हिंदी सिनेमातून आलेली बाई. तिचा त्या राईशी, त्या फांदीशी काय संबंध? लोक तिला हसले नाहीत. कर्ज देणारा एक आणि वसुलीला भलताच आला, त्याला हसले.

साळचे गडे, म्हणजे शिमग्यात अंगात येणारे तिथले गावकरी, पाहिले आहेस का? नसलास तर या शिमग्याला जा. डिचोली तालुक्यातल्या साळ गावात होळीच्या रात्रीपासून तीन रात्री लोक डोंगराकडे तोंड करून बसतात. दिवे लावायचे नाहीत. गड्यांच्या अंगात आलं की ते काळोखात रानाकडे धावत सुटतात. डोंगरात देवचाराची ज्योत दिसते, काही गड्यांना तो लपवून ठेवतो, अशी श्रद्धा आहे. बघणाऱ्याला काय दिसतं? बराच वेळ काहीच नाही. नुसता काळा डोंगर. मधूनच कुणीतरी म्हणतं, ‘ती बघ!’ आणि हजारो माना एकदम वळतात. तिथे लहान पोरं आईच्या मांडीवर असतात, म्हातारी माणसं असतात, थंडी असते, आणि कुणी उठून जात नाही. तेच लोक तुझ्या सभामंडपात बाराव्या मिनिटाला मोबाईल काढतात. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला काही न दिसणाऱ्या अंधाराकडे बघत बसायचा धीर नाही, हे तर खोटं ठरलं. उलट त्याला त्याची सवय जगात कुणाला नसेल इतकी आहे.

फरक एवढाच की साळला बसलेल्या प्रत्येकाला नियम ठाऊक असतो. काय होऊ शकतं, कुणाकडून होऊ शकतं, काय करायचं नाही. नियम ठाऊक असला की रिकामा डोंगरही भरलेला वाटतो. तुझ्या सिनेमात डोंगर रिकामाच आहे, कारण तू नियम सांगितला नाहीस. लोकांनी आपल्या घरचा नियम लावून पाहिला, आणि तू तो पाळला नाहीस.

‘ब्लेअर विच’वाल्यांनाही हा धडा शिकावा लागला. त्या सिनेमाचा शेवट तुला माहीत असेल. पडक्या घराच्या तळघरात एक जण कोपऱ्याकडे तोंड करून उभा असतो, कॅमेरा पडतो, संपलं. भूत नाही, रक्त नाही. आधी दाखवून पाहिलं तेव्हा लोक घाबरले, पण गोंधळले. ‘तो कोपऱ्यात का उभा?’ वितरकांनी दुसरे शेवट मागितले, मेरीलँडला परत जाऊन ते चित्रितही केले गेले. पण दिग्दर्शकांनी जुनाच शेवट ठेवला. वाढवलं काय, तर सुरुवातीला गावातल्या माणसाच्या तोंडची छोटीशी मुलाखत, की पूर्वी एक मारेकरी मुलांना जोडीने तळघरात न्यायचा आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्याकडे तोंड करून उभा करायचा. बस. शेवटाला हातही न लावता शेवट बदलला. ज्यांनी ती मुलाखत कान देऊन ऐकली ते खुर्चीत गोठले, ज्यांनी त्या वेळी पॉपकॉर्न आणायला धाव घेतली ते आजही म्हणतात की शेवटी काहीच नव्हतं.

तेव्हा तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: भूत स्पष्ट दाखवू नकोस. तू आधीच जास्त दाखवलं आहेस. बाई काढ. ते दोन सेकंद पूर्ण जाऊ देत. तिच्या जागी तोच कडा, तेवढाच वेळ, रिकामा ठेव. आणि नवव्या मिनिटाच्या आधी एक नवा प्रसंग चित्रित कर. खर्च काहीच नाही, एक घराचं अंगण आणि एक म्हातारी लागेल. (नटी शोधू नकोस. तुला कोण हवी ते मला वाटतं कळलंच असेल.) ती सुपारी कातरत पोरांना सांगते की राईत काय करायचं नाही. भाषण नको. तीन वाक्यं, दुसरंच काही काम करता करता, आणि त्यातलं एक पोरांनी अर्धवट ऐकलेलं. नियम तुझा तू ठरव, पण तो असा हवा की पुढे साध्या गोष्टीतून मोडलेला किंवा पाळलेला दिसेल. समजा ती म्हणाली, ‘राखणदाराची काठी ऐकू आली तर थांबा, तो पुढे जाईल. पण आवाज तुमच्याबरोबर थांबला, तर मागे बघू नका.’ मग 52व्या मिनिटाला तुला बाई कशाला हवी? पोरं चालतात, काठीचा आवाज चालतो. पोरं थांबतात.

पणजीतल्या मुलांना राखणदार कदाचित ठाऊक नसेल. हरकत नाही, मेरीलँडचा मारेकरी तरी पणजीत कुणाला ठाऊक होता? नियम सिनेमानेच सांगितला की पुरे. गावातल्या लोकांना त्यापलीकडचं आणखी दिसेल, तो त्यांचा नफा.

एक व्यवहाराची गोष्ट, मध्येच आठवली म्हणून. नवा प्रसंग घ्याल तेव्हा खऱ्या देवराईत जाऊ नका. काजूच्या डोंगरावर केलंत ते शहाणपणाचं होतं. अभयारण्यात रात्री शिरायला परवानगी लागते आणि राईत शिरायला गावाची. परवानगी मिळाली तरी दिवे, जनरेटर आणि दहा माणसांचे पाय तिथे नकोतच. आणि तुझ्या चार नटांबरोबर साधा का होईना, कागद कर. ‘ब्लेअर विच’चे नट 2024मध्येही आपल्या मेहनतान्यासाठी जाहीर पत्र काढत होते. तुझा सिनेमा उद्या चालला तर मैत्री टिकली पाहिजे.

आता शेवट. तुझा एकटा उरलेला मुलगा डांबरी रस्त्याला लागतो, कदंबा बस येते, तो चढतो, गावात लोकांनी टाळ्या वाजवल्या असं तू लिहिलं आहेस. टाळ्यांनी खूश होऊ नकोस. टाळी म्हणजे लोकांनी भीती तुला परत केली आणि हात झटकून घरी गेले. ते लांबच्या रस्त्याने गेलेले गृहस्थ, त्यांना मी असतो तर विचारलं असतं, तुम्ही शेवटपर्यंत बसला होता का? माझी पैज आहे की ते बसच्या आधीच उठले होते. विचारून बघ.

बस काढ. मुलगा रस्त्यावर येतो, धापा टाकतो, दोन्ही बाजूंना रातकिडे जोरात. तो हसायला लागतो, आपण सुटलो म्हणून. मग रस्त्याच्या पलीकडच्या बाजूचे रातकिडे थांबतात. फक्त त्या बाजूचे. तिथे काप. त्यानंतर श्रेयनामावलीला संगीत नको, अर्धा मिनिट तरी.

हे सगळं करायला तुला संकलनाचे चार दिवस, चित्रणाची एक संध्याकाळ आणि आवाज गोळा करायला पाच-सहा रात्री लागतील. नवी प्रत झाली की साखळीच्या रवींद्र भवनासारख्या, अंधार नीट करता येतो अशा जागी एक खेळ लाव, मग पुन्हा गावात. दोन्हीकडे मागे रेकॉर्डर. फाईली मला पाठव, टाळी विसरू नकोस. आणि आजींना घेऊन ये. त्या या वेळीही उठल्या तर कुठल्या मिनिटाला उठल्या आणि जाताना काय म्हणाल्या, तेवढं शब्दशः लिहून कळव.